नवतप्यातील कयाक

फायबरग्लासला भंगारात भाव नसतो. लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा कामी आणता येते. फायबरग्लासमधील काचतंतू बांधून ठेवणारे पॉलिस्टर रेझिन मात्र एकदा घट्ट झाले की कितीही तापवले तरी वितळत नाही, ते फक्त काळे पडते आणि जळते. म्हणूनच भंडारा जिल्ह्यातील पवनीजवळच्या एका भंगारवाल्याच्या आवारात ती नारिंगी कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती नाव, तीन वर्षे तशीच पडून होती. कुठल्याशा बंद पडलेल्या बोटिंग केंद्राचे लोखंडी सामान उचलताना ती त्याच्या गळ्यात पडली होती आणि तिच्या कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या पोकळीत, कोंबड्यांनी अंडी घालण्याची सोय करून घेतली होती. त्याने दोन हजार मागितले, मी बाराशे दिले, आणि कोंबड्यांसाठी एक लाकडी खोके वर द्यावे असे ठरले. चौदा फुटांची ती वस्तू छोट्या हत्तीच्या मागून अर्धी बाहेर लोंबत, टोकाला लाल फडके बांधून गावात आली, तेव्हा गुरुजींना, म्हणजे मला, विमानाचा तुकडा सापडला की काय, अशी चौकशी पारावर दोन दिवस चालली होती.

आमचे गाव पुनर्वसित आहे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने पाणी साठत गेले, तशी वैनगंगेकाठची शेते, आमराया आणि जुनी घरे जलाशयात गेली. त्या पाण्यात बाभळीची आणि आंब्याची वाळलेली खोडे अजून उभी आहेत. पाणी उतरले की त्यांची टोके दिसतात, चढले की दिसत नाहीत, आणि न दिसणारी खोडेच अधिक धोक्याची असतात. हिवाळ्यात चक्रवाक याच भागात उतरतात. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांच्या डोंग्यातून मी तेथे अनेकदा गेलो आहे. पण डोंगा जड असतो, त्याला दोन माणसे लागतात आणि तो जवळ जाईपर्यंत पक्षी उडालेले असतात. वीतभर पाण्यातही चालणारी, एकट्याने उचलता येणारी नाव मला हवी होती. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे माझ्याकडे जवळजवळ दोन महिने होते. मृगाच्या आधी काम संपवायचे, एवढे मी मनाशी ठरवले होते. ते कितपत साधले, ते पुढे येईलच.

पहिले तीन दिवस मी दुरुस्तीला हातच लावला नाही. कोंबड्यांची विष्ठा, वाळलेला चिखल आणि कुजलेला फोम काढून कयाक धुतली, उलटी करून दोन घोड्यांवर, म्हणजे सुतार वापरतात त्या टेकूंवर, ठेवली आणि दहा रुपयांच्या नाण्याने तिच्या सबंध अंगावर ठोकत गेलो. चांगल्या जागी नाण्याचा आवाज टणक येतो. जेथे आतील काचतंतूंचे थर एकमेकांपासून सुटलेले असतात तेथे तो भदभद येतो. अशा जागांभोवती मी खडूने वर्तुळे काढली. ती अकरा निघाली, आणि त्यांतील सात ठिकाणी वरून काहीच दिसत नव्हते. दिसत होते ते निराळेच होते: पुढच्या टोकापाशी मुठीएवढे भोक कोणी तरी एम-सीलचा गोळा आणि डांबर भरून बुजवले होते, मागचा तळ दगडांवरून ओढून ओढून तंतू उघडे पडेपर्यंत झिजला होता, आणि वरचा भाग व तळ ज्या शिवणीवर जोडलेले असतात ती उजव्या बाजूला हातभर उसवली होती.

आमच्या गावातील एक वृद्ध ढिवर, ज्यांना सारे गाव आबाजी म्हणते, त्या दिवशी सहज बघायला आले होते. मी कयाक सुलटी करून पाण्याने काठोकाठ भरण्याच्या बेतात होतो, म्हणजे गळती बाहेरून दिसेल. त्यांनी बादली माझ्या हातातून काढून घेतली. एवढ्या नावेत दोन-तीनशे लिटर पाणी सहज मावते आणि तेवढा भार दोन घोड्यांवर पडला तर कंबर मोडेल, हे गणित मी विज्ञानाचा शिक्षक असूनही केलेले नव्हते. चार बादल्या पाणी आत घालून नाव हळूहळू या टोकाकडून त्या टोकाकडे आणि मग एकेका कुशीवर कलती करायची, ही त्यांची पद्धत. "पानी कुठून जाते ते पानीच सांगते, गुरुजी. आपन फक्त पाहत राहाचं," असे म्हणून ते खाली उकिडवे बसले आणि मला न दिसलेले दोन थेंब त्यांनी बोटाने दाखवले.

त्यानंतर वाळवण. काचतंतूंच्या थरांत पाणी मुरलेले असेल तर त्यावर लावलेले नवे रेझिन नीट धरत नाही, म्हणून ओली नाव दुरुस्त करू नये. परंतु ती वाळली हे ओळखायचे कसे? आमच्याकडे धान मोजायचा काटा आहे. पहिल्या दिवशी कयाक त्यावर ३१ किलो भरली. तिला मी कडक उन्हात ठेवले नाही, कारण पातळ तळ एका बाजूने तापून वाकडा होण्याची भीती होती. टिनाच्या शेडखाली तीन ठिकाणी आधार देऊन उलटी ठेवली आणि दर रविवारी वजन केले. दुसऱ्या आठवड्यात ते २९ झाले, तिसऱ्यात साडेसत्तावीस, आणि चौथ्या रविवारीही काटा साडेसत्तावीसवरच राहिला. साडेतीन किलो पाणी गेले होते. त्यातील बराचसा भाग पुढच्या टोकात बसवलेल्या फोममध्ये असावा, कारण तेथून उकडलेल्या शेंगांसारखा वास येत होता तो तिसऱ्या आठवड्यात थांबला.

घासकामाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, तरी सर्वाधिक दिवस त्यातच गेले. चार इंची ग्राइंडरला चाळीस नंबरची चकती लावून खडूची वर्तुळे पोखरत जायचे, आणि थर जेथे घट्ट लागतो तेथे थांबायचे. जुनी दुरुस्ती काढणे हे नवीन करण्यापेक्षा कठीण ठरले. डांबर तापले की चकतीत भरते, म्हणून ते पहाटेच्या गारव्यात पटाशीने तासून काढावे लागले. भोकाच्या कडा सरळ न ठेवता त्यांना लांब उतार द्यावा लागतो, कारण नव्या थराची पकड त्या उताराच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. जाडीच्या साधारण बारा पट उतार धरतात. माझ्या कयाकची जाडी तीन मिलिमीटर होती, म्हणजे चहूबाजूंनी जवळजवळ चार सेंटिमीटर. मुठीएवढे भोक त्यामुळे ताटलीएवढे झाले आणि ते पाहून घरात चिंतेचे वातावरण पसरले. काचेची धूळ अंगाला लागली की खाज सुटते. गरम पाण्याने अंघोळ केल्यास ती वाढते. आधी थंड पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी लागते. पूर्ण बाह्यांचा सदरा, चश्मा आणि धुळीचा मुखवटा यांशिवाय हे काम करू नये, आणि पुढे रेझिन हाताळताना साधा मुखवटा चालत नाही, रासायनिक वाफा शोषणाऱ्या डब्यांचा लागतो.

रेझिन, ते घट्ट करणारे हार्डनर, घट्ट होण्याचा वेग वाढवणारे कोबाल्ट, वरून द्यायचा जेलकोट, आणि चौरस मीटरला ४५० व ३०० ग्रॅम भरणारी काचतंतूंची मॅट असे सगळे सामान नागपूरच्या इतवारीतून आणले. ज्वालाग्राही माल एसटीत नेता येत नाही, म्हणून मेहुण्याची मोटारसायकल घेतली. दुकानदाराने कोबाल्टची बाटली एका पिशवीत आणि हार्डनरची दुसऱ्या पिशवीत बांधून, गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंना लटकवायला लावली. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडू शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचे आणि हार्डनर अगदी शेवटी, लावण्याच्या क्षणी घालायचे, हा क्रम त्याने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. मुलांना शिकवणाऱ्याला असे कोणी शिकवले की बरे वाटते.

तरीही पहिला घाणा मी बिघडवलाच. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेदहा वाजता, अर्धा किलो रेझिन प्लॅस्टिकच्या खोल डब्यात घेतले आणि माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे दीड टक्का हार्डनर घातले. पत्रकात २५ अंशांचे तापमान गृहीत धरलेले होते. शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेला तापमापक शेडमध्ये ४१ दाखवत होता. मॅटचा पहिला तुकडा भिजवून होतो न होतो तोच ब्रश जड लागू लागला, चौथ्या मिनिटाला डब्यातील रेझिन खरवसासारखे थरथरले, आणि पुढे दोन मिनिटांत त्यातून पांढरा धूर निघाला. डबा एका कुशीवर वितळून बसला. मी तो चिमट्याने उचलून वाळूत टाकला. आत तडतड आवाज करीत रेझिनचा गोळा फुटत होता. ही अभिक्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते, खोल भांड्यात ती उष्णता बाहेर पडू शकत नाही, आणि वाढलेल्या उष्णतेने अभिक्रिया आणखी वेगाने होते. हे मी दरवर्षी नववीला निराळ्या उदाहरणाने समजावून सांगतो.

हार्डनर कमी करावे, हा मला सुचलेला पहिला उपाय होता आणि तो चुकीचा होता. भंडाऱ्यात फायबरचे दरवाजे आणि मूर्तींचे साचे करणारा एक कारागीर आहे, त्याला फोन केला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "सर, हार्डनर कमी नका करू, टाइम बदलवा." तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी पाच कागदी कपांत पन्नास-पन्नास ग्रॅम रेझिन घेतले, सुई काढलेल्या सिरिंजने त्यांत अर्धा टक्क्यापासून दीड टक्क्यापर्यंत हार्डनर घातले आणि वेळा भिंतीवर खडूने लिहिल्या. पहाटे साडेचार वाजता तापमान २९ होते. दीड टक्क्याचा कप नऊ मिनिटांत धरला, एक टक्क्याचा सतरा मिनिटांत. अर्धा टक्क्याचा कप दुपारपर्यंत घट्ट झाल्यासारखा वाटला, पण तीन दिवसांनीही त्यावर नखाची खूण उमटत होती, आणि ती पुढे कधीच थांबली नाही. हार्डनर अपुरे पडले तर रेझिन वेळाने पक्के होते असे नाही. ते कायमचे कच्चे राहते. एक टक्का आणि पहाट, हे माझे प्रमाण ठरले. त्याशिवाय रेझिनचा घट्ट झाकलेला डबा मी रात्रभर रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवू लागलो, एका वेळी दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त कालवायचे नाही आणि तेही पसरट थाळीत, असा नियम केला. त्या कपांची रांग अजून माझ्या खिडकीत आहे.

२५ मेपासून आमच्याकडे नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. लोक त्या नऊ दिवसांत लग्नाची कामेसुद्धा पहाटे उरकतात. मीही चार वाजता उठून साडेसहाला ब्रश ॲसिटोनमध्ये धुऊन ठेवत असे. भोकाच्या बाहेरच्या बाजूला पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद चिकटवून, नावेच्या गोलाईप्रमाणे वाकवून पट्टीने बांधला आणि आतून मॅट चढवली. मॅटचे तुकडे कात्रीने न कापता हाताने फाडावेत, म्हणजे कडेचे तंतू विरळ होत जातात आणि जोडाची रेघ उठत नाही. तिच्यावर रेझिन चोपडायचे नसते, ब्रश उभा धरून टिपत जायचे असते. कोरडी मॅट धुवट पांढरी असते. रेझिन पोहोचले की तिला धरून ठेवणारा चिकट पदार्थ विरघळतो, ती अचानक लुळी पडते आणि पुढच्या काही क्षणांत पांढरेपणा काठाकडे सरकत सरकत नाहीसा होऊन खालचा पृष्ठभाग स्वच्छ दिसू लागतो. जेथे पांढरा ठिपका राहतो तेथे हवा असते. कंदील तिरपा धरून ते ठिपके शोधायचे आणि खाचांच्या रोलरने कडेकडे ढकलून बाहेर काढायचे, हे काम मला सगळ्या दुरुस्तीत सर्वाधिक आवडले. रेझिन मॅटच्या वजनाच्या सुमारे अडीच पट लागते. त्याहून जास्त ओतल्याने ताकद वाढत नाही, फक्त वजन आणि ठिसूळपणा वाढतो. भोकावर तीन थर दिले. पुढच्या आणि मागच्या तळाला, त्या बुडालेल्या खोडांचा विचार करून, ३०० ग्रॅमच्या मॅटच्या दोन जादा पट्ट्या दिल्या. जी उष्णता कालवताना वैरीण होती तीच नंतर उपयोगी पडली. दिवसभर ४४ अंशांच्या शेडमध्ये तापून ते थर असे टणक झाले की संध्याकाळी नाणे वाजवून पाहण्याचा मोह आवरत नसे.

शिवणीने मात्र घाम काढला. ती आतून जोडायची आणि आत हात जेमतेम कोपरापर्यंत जातो. डोके आत घालण्याचा प्रश्नच नव्हता, कारण रेझिनमधील स्टायरीन या द्रवाची वाफ बंद जागेत साचते. शेवटी कयाक उजव्या कुशीवर निजवली, म्हणजे उसवलेली शिवण सर्वांत खाली आली. भिजवलेल्या मॅटची पट्टी प्लॅस्टिकच्या लांब तुकड्यावर घालून तो तुकडा आत सरकवला आणि वेळूच्या काठीला बांधलेल्या ब्रशने पट्टी शिवणीवर दाबली. भाचा दुसऱ्या झाकणातून बॅटरीचा उजेड पाडत होता आणि लांब ठेवलेल्या पंख्याची हवा आत सोडत होता. दोन वेळा पट्टी घसरली. तिसऱ्यांदा बसली, पण ती सरळ नाही, आणि ती कोणालाही दिसणार नाही याचा मला मनापासून आनंद आहे.

जेलकोट हा वरचा रंगीत थर असतो. तो सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा लागतो आणि त्यासाठी एक चौरस मीटरला सहाशे ग्रॅमच्या आसपास माल जातो. वरचा नारिंगी भाग उन्हाने पांढुरका झाला होता, पण कॉकपिटच्या कडेचे जुने स्टिकर काढले तेव्हा खाली पिकलेल्या टेंभुरणीसारखा रंग निघाला, म्हणून वर काहीही न लावता तो घासून परत आणायचा आणि फक्त तळाला पांढरा जेलकोट द्यायचा असे ठरवले. मोटारींना मारतात तो फवाऱ्याचा रंग देण्याचा सल्ला अनेकांनी दिला होता. तो चकाकतो खरा, परंतु खोडावर एकदा घासला की साल निघते.

पहिला जेलकोट संध्याकाळी दिला आणि तासाभरात वावटळ आली. शेड तीन बाजूंनी उघडी होती. सकाळी तळावर धूळ, निंबाची पाने आणि एक आख्खी माशी पक्की बसलेली होती. वर तो चिकटही राहिला होता, कारण हवेतील प्राणवायूमुळे पॉलिस्टरचा सर्वांत वरचा पापुद्रा घट्ट होत नाही. शेवटच्या हातात मेणाचे द्रावण मिसळावे लागते, म्हणजे मेण वर तरंगून हवा अडवते. मी ते विसरलो होतो. सगळे ॲसिटोनने पुसून, पुन्हा घासून, दुसरा प्रयत्न रिकाम्या गोठ्यात केला. जमिनीवर आदल्या दिवशी दुपारी सडा घातला, म्हणजे धूळ बसली आणि पहाटेपर्यंत ओलही राहिली नाही.

घासण्यासाठी आधी तळावर पेन्सिलने आडव्या-तिरप्या रेघा मारल्या. वॉटर पेपरने घासताना रेघ राहिली तर तेथे खोलगा आहे, लवकर गेली तर उंचवटा. २२० पासून ४००, ६००, १००० आणि १५०० नंबरपर्यंत, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून, रोज दोन तास. त्यानंतर रबिंग कंपाउंड आणि मेणाचे पॉलिश. तोवर मृग लागून आठवडा उलटला होता आणि शेवटचे पॉलिश पहिल्या सरींच्या आवाजात झाले.

बसण्यासाठी खाटेची नवार ताणून बांधली. पाय टेकायला सागाची पट्टी, झाकणांच्या कडांना सायकलची ट्यूब कापून गॅस्केट, पकडायला जाळ्याची नायलॉन दोरी, आणि दोन्ही टोकांत बूच घट्ट लावलेले पाच-पाच लिटरचे रिकामे कॅन, म्हणजे नाव भरली तरी बुडू नये. मच्छीमार संस्थेला आधी सांगून ठेवले. पहिल्या दिवशी लाइफ जॅकेट घालून, काठापासून वीस हातांच्या आत, तासभर फिरलो. आत तळाला आबाजींनी वर्तमानपत्राचे कोरडे पान अंथरायला लावले होते. बाहेर आल्यावर पान काढले तर पुढचा भाग कोरडा, शिवण कोरडी, आणि अगदी मागे, ओढायच्या कडीच्या बोल्टखाली रुपयाएवढा ओला डाग होता. तेथे मी जुनाच वॉशर परत वापरला होता. तो त्याच दिवशी बदलला.

दुसऱ्या फेरीत पान पूर्ण कोरडे निघाले. आबाजी मात्र पानाकडे पाहत नव्हते. ते काठावरून पाण्यातील रेघ पाहत होते. "डावीकडे वढते जी," ते म्हणाले. मी नाव उलटी करून मागच्या तळावर हात फिरवला. खोडांसाठी दिलेल्या त्या दोन जादा पट्ट्यांपैकी एक, अंधारात बसवताना, मधल्या रेषेपासून बोटभर सरकलेली होती. ती काढायची तर जेलकोटसकट काढावी लागेल, आणि हवेत आता इतकी ओल आहे की नवा थर धरणार नाही. ओल जाईपर्यंत प्रत्येक पाच-सहा वल्ह्यांमागे एक जादा वल्हे डावीकडे मारतो आहे.